तेलाचा पापुद्रा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी नोकरीला लागले, तेव्हा धुळ्याला आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं की मुलगी छर्‍यांच्या कंपनीत लागली. बेअरिंग म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे सायकलच्या चाकातले छर्रे यायचे. आमच्या बेअरिंगमध्ये छर्रे नव्हते. पोलादाच्या पट्टीचं वाकवलेलं अर्धं कडं, बांगडी मधोमध कापावी तसं. आतून त्याला तांबं आणि शिसं मिसळलेल्या मऊ धातूचा थर, आणि त्यावर कथलाचा करडा मुलामा. अशी दोन अर्धी कडी समोरासमोर बसवली की मध्ये इंजिनाचा क्रँक, म्हणजे मुख्य दांडा, फिरतो. गुळगुळीत धातूच्या आत गुळगुळीत धातू, बस्स. पहिल्या आठवड्यात मला ते फारच साधं वाटलं. इंजिनियरिंगची चार वर्षं कशाला केली, असंही मनात येऊन गेलं.

माझं काम चाचणीच्या खोलीत होतं. तिथे आबा होते. मूळचे धरणगावकडचे, तीसेक वर्षं ट्रक आणि ट्रॅक्टरची इंजिनं खोलून मग या कारखान्यात आलेले. कागदावर मी इंजिनियर आणि ते मदतनीस, पण त्या खोलीतला एकेक नटबोल्ट त्यांनी स्वतः आवळलेला होता. चाचणीचं यंत्र त्यांनीच उभं केलं होतं. एक जाड पोलादी दांडा मोटरवर फिरायचा, त्याच्याभोवती आमचं बेअरिंग असायचं, आणि जॅकने त्या बेअरिंगवर कापसाने भरलेल्या ट्रॉलीएवढा भार द्यायचा. तेल गरम करून पंपाने सोडायचं. मग चालू द्यायचं, दिवसामागून दिवस.

रुजू झाले त्याच आठवड्यात आबांनी मला त्या यंत्राजवळ बोलावलं. त्यांनी बॅटरीतला एक छोटा बल्ब सेलला जोडून आणला होता. त्याची एक तार फिरत्या दांड्याला टेकवलेल्या कार्बनच्या तुकड्याला जोडली होती आणि दुसरी बेअरिंग ज्यात बसवलं होतं त्या घराला. यंत्र बंद होतं आणि बल्ब लागलेला होता. दांडा बेअरिंगवर टेकलेला, धातूला धातू भिडलेला, म्हणून वीज वाहत होती. एवढं मला कळलं. मग त्यांनी मोटर सुरू केली. दांडा फिरू लागला, बल्ब फडफडला, पुन्हा लागला, पुन्हा फडफडला आणि विझला. मला वाटलं तार सुटली. मी तार चाचपायला हात पुढे केला, तर आबांनी मला थांबवलं.

“तार जागेवर आहे,” ते म्हणाले. “आता ते दोघं एकमेकांना शिवत नाहीत.”

मी कितीतरी वेळ त्या विझलेल्या बल्बकडे बघत उभी राहिले. एवढ्या भाराखाली तो दांडा तेलावर तरंगत होता. पुस्तकात मी हे वाचलं होतं, परीक्षेत आकृती काढून गुणही मिळवले होते. फिरणारा दांडा तेलाला आपल्यासोबत ओढत अरुंद फटीत नेतो, तिथे तेलाचा दाब वाढतो आणि तो दाबच दांड्याला उचलून धरतो. पण केसाच्या दहाव्या हिश्शाएवढाही जाड नसलेला तेलाचा पापुद्रा ट्रॉलीभर वजन पेलतो, हे डोळ्यांनी पाहणं वेगळं होतं. आबांनी मोटर बंद केली. दांडा मंदावला, थांबला आणि बल्ब पुन्हा उजळला. मी त्यांना म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी तीनदा करून दाखवलं. ते स्वतःही माझ्यासारखेच टक लावून बघत होते, आणि त्यांनी ते किती वेळा पाहिलं असेल कोण जाणे.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमची बेअरिंगं परत यायला लागली. दोंडाईचा, धरणगाव, चोपडा, सगळीकडच्या सुट्या भागांच्या दुकानांतून खोकी यायची. उघडली की आत तेच चित्र असायचं. करडा मुलामा घासून गेलेला आणि खालचं तांबं लालसर उघडं पडलेलं. काहींवर तर नखाने ओरबाडल्यासारखे चरे. आम्ही त्याच लॉटमधली नवी बेअरिंगं यंत्रावर चढवली आणि पंधरा दिवस, मध्ये एकदाही न थांबवता चालवली. बाहेर काढली तेव्हा ती जवळजवळ नव्यासारखी होती.

आमच्या साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या व्यवस्थापकांनी, त्यावरून निष्कर्ष काढला की दोष गिऱ्हाइकांचा आहे. लोक भेसळीचं तेल घालतात, तेल बदलत नाहीत, धूळ जाऊ देतात. दुकानदारांना तशी पत्रं गेली. ती माझ्याच सहीने गेली, आणि सही करताना मला काही वावगं वाटलं नाही. आकडे माझ्यासमोर होते. परत आलेली बेअरिंगं आबांनी मात्र एका फळीवर मांडून ठेवली होती आणि जेवणाच्या सुटीत एकेक उचलून उजेडात धरत होते. काही दिवसांनी ते मला म्हणाले की बेटा, भेसळीच्या तेलाने असं होत नाही, याची घासण वेगळी आहे, तू एकदा जाऊन बघ. साहेबांनी कुरकुर केली, पण तीन दिवस दिले.

मी आधी दोंडाईचाच्या दुकानदाराकडे गेले, कारण सर्वांत जास्त खोकी त्याच्याकडची होती. माणूस मोकळा होता. आमचं पत्र त्याने काउंटरच्या काचेखाली ठेवलं होतं, येणार्‍या प्रत्येकाला दाखवता यावं म्हणून. त्याने मला चहा दिला आणि भरपूर ऐकवलं. पंपाची इंजिनं, मळणीयंत्रं, जुने ट्रॅक्टर, सगळ्यांचं तेच रडगाणं. मी सहज विचारलं, की आमची बेअरिंगं कुणाकडे टिकलीच नाहीत का? तो हसला. म्हणाला, एक आहे, शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला एका गावात पिठाची गिरणी चालवणारी बाई. तिच्याकडे जुनं डिझेल इंजिन आहे. तिच्याएवढं वाईट गिऱ्हाईक दुसरं नाही, वर्षानुवर्षं काही विकतच घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपूरहून काळ्यापिवळ्या जीपमधून मी त्या गावाला पोचले. गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली, शेजारी इंजिनासाठी दुसरी लहान खोली, आणि दारात ज्वारी-बाजरीचे डबे घेऊन बसलेल्या पाच-सहा बायका. त्या गावात वीज होती, पण दिवसा तिचा भरवसा नव्हता, म्हणून हे इंजिन अजून कामावर होतं. गिरणीवाल्या बाईंना सगळे अक्का म्हणत होते. साठीच्या पुढच्या, अंगाने किरकोळ, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, बाजूला बसायला सांगितलं आणि इंजिनाकडे वळल्या.

अशा इंजिनाला सुरू करायला हँडल फिरवावं लागतं. वरच्या बाजूला एक लहान खटका असतो. तो उचलला की इंजिनातला दाब निघून जातो आणि क्रँक हाताने फिरवता येतो. लोक खटका उचलतात, दोन-चार जोरदार फेरे देतात आणि वेग आला की खटका पाडतात. इंजिन धडधडू लागतं. अक्कांनी खटका उचलला आणि हळू फिरवायला लागल्या. दहा फेरे झाले, वीस झाले. खटका पाडायचं नाव नाही. वेगही नाही, विहिरीतून सावकाश पोहरा ओढावा तसा हात चाललेला. तीसच्या आसपास माझी मोजणी चुकली. बसलेल्या बायका आपसात बोलत होत्या, त्यांना या उशिराचं काही वाटत नव्हतं. मग अक्कांनी अचानक वेग वाढवला, खटका पाडला आणि इंजिन पहिल्या ठोक्याला सुरू झालं.

मी त्यांना विचारलं की एवढा वेळ कशासाठी फिरवलंत.

“जपेल शे ते,” त्या म्हणाल्या. रात्रभर झोपलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. “उठताच त्याले पळाले लावशी का?”

दळण सुरू झालं आणि त्या आवाजात पुढे बोलता येईना. बायकांचे डबे संपेपर्यंत दुपार झाली. मग इंजिन बंद करून, दारात बसून अक्कांनी मला सगळं सांगितलं. इंजिन नवऱ्याने घेतलेलं. तो गेल्यावर गिरणी त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांना यंत्राचं काहीही ठाऊक नव्हतं. पहिल्याच वर्षात दोनदा बेअरिंग गेलं. शिरपूरचा मिस्तरी येऊन दुरुस्त करेपर्यंत गावच्या बायकांना दळणासाठी डोक्यावर ओझं घेऊन पलीकडच्या गावाला जावं लागलं, आणि त्याची अक्कांना फार लाज वाटली. दुसऱ्यांदा मिस्तरी आला तेव्हा त्या त्याच्या शेजारून हलल्याच नाहीत. त्याने इंजिनाचं झाकण काढलं तेव्हा त्यांनी आत वाकून पाहिलं. क्रँकला वरून जोडलेल्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक पळी होती आणि ती फिरताना तळातलं तेल उडवत होती. मिस्तरी गेल्यावर त्यांनी खटका उचलून, घाई न करता हँडल फिरवून बघितलं. लहानपणापासून जात्यावर बसलेला हात. जात्याचा खुंटा कधी जड लागतो आणि कधी हलका, ते त्या हाताला कळत होतं. या हँडलचंही तसंच निघालं.

“हातले समजस,” त्या म्हणाल्या. “पहिले जड लागस, मंग हलकं पडस. हलकं पडनं का मंग सोडानं.”

त्यांनी मला उठवून हँडल धरायला लावलं. इंजिन आताच चाललेलं होतं, त्यामुळे मला काही फरक कळला नाही. मी कबूल केलं. त्या म्हणाल्या, की मग राहा आणि उद्या सकाळी बघ. मी राहिले. सकाळी बायका यायच्या आधी त्यांनी मला हँडल दिलं. सुरुवातीला ते चिकटल्यासारखं जड होतं. मी फिरवत राहिले, खांदे भरून आले, आणि कधीतरी, नेमकं कितव्या फेऱ्याला ते सांगता येणार नाही, हाताखालचा तो चिकटपणा गेला. कुणीतरी पलीकडून हात लावावा तसं हँडल सैल झालं. आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीत तेल शिरलं होतं आणि धातू धातूपासून सुटला होता. जळगावला जे मी बल्बवर पाहिलं होतं, ते अक्का इतकी वर्षं रोज सकाळी तळहातावर ओळखत होत्या.

निघण्याआधी मी त्यांना बेअरिंग दाखवाल का म्हणून विचारलं. त्यांनी स्वतः पाना घेतला, बाजूचं झाकण उघडलं, दोन नट सोडवले आणि ज्याच्यावर सगळा भार येतो ते वरचं कडं काढून माझ्या हातात ठेवलं. मी ते पुसलं. सगळीकडे सारखा करडा रंग, तांब्याचा कुठे ठिपकाही नाही. पाठीवर शिक्का होता. तो आमच्याच कारखान्याचा, मी लागण्याच्या कितीतरी आधी वापरातून गेलेला जुना शिक्का होता. मी मायक्रोमीटर काढून जाडी मोजली. पुन्हा मोजली; झीज जवळजवळ नव्हतीच. मग ते त्यांच्या हातात परत दिलं, आणि मी सही केलेली ती पत्रं आठवून मला त्यांच्याकडे बघवेना.

जळगावला येऊन मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की जुन्या लॉटचा धातूच चांगला असेल. आबा तिथेच होते. त्यांनी सांगितलं की मिश्रण तेव्हापासून बदललेलं नाही, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, “आपण पंधरा दिवस यंत्र चालवलं. त्यात ते सुरू किती वेळा केलं?”

एकदा. पंधरा दिवसांत एकदा. दांडा एकदा तरंगला की बेअरिंगला काहीच शिवत नव्हतं, मग ते पंधरा दिवस चालो की पंधरा महिने. घासण होत होती ती सुरू होतानाच्या त्या काही क्षणांत, बल्ब विझायच्या आधी. आणि आम्ही नेमके तेवढेच क्षण मोजले नव्हते. शेतातलं इंजिन दिवसातून अनेकदा बंद होतं, सुरू होतं, आणि उन्हाळ्यात पातळ झालेलं तेल थांबल्या थांबल्या फटीतून ओघळून जातं.

आम्ही चाचणी बदलली. दोन मिनिटं चालवायचं, थांबवायचं, तेल ओघळू द्यायचं, पुन्हा सुरू करायचं. तासांऐवजी सुरुवाती मोजायच्या, आणि प्रत्येक वेळी बल्ब किती वेळ लागलेला राहतो ते घड्याळ लावून लिहायचं. सकाळची पहिली नोंद सर्वांत लांब असायची. रात्रभर थांबलेल्या यंत्राचा बल्ब विझता विझत नसे. आठवड्याच्या आत नव्या बेअरिंगवर तांबं दिसायला लागलं, अगदी त्या खोक्यांतून आलेल्या बेअरिंगांसारखं. साहेब खोलीत आले, त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि दुकानदारांना नवी पत्रं लिहायला सांगितली. यावेळी सही त्यांनी स्वतः केली.

उपाय सापडायला मात्र बराच वेळ लागला. पहिली कल्पना माझी होती. भार येतो त्याच जागी बेअरिंगला एक लांब खाच पाडायची, म्हणजे तिथे तेल भरपूर मिळेल. मला तिची खात्री होती. यंत्रावर चढवलं तर बल्ब विझेचना, नुसता फडफडत राहिला. बेअरिंग बाहेर काढलं तर खाचेच्या दोन्ही कडा घासून गेलेल्या. आबांनी खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले की बेटा, तू बांधाला भगदाड पाडलंस, आता पाणी कसं साचेल. तेलाचा दाब जिथे उभा राहायला हवा, तिथूनच तो मी काढून दिला होता. मला ते कळायला हवं होतं, परीक्षेत मी तेच लिहिलं होतं.

मग आम्ही दोघांनी मिळून बाजूंचा विचार केला. जिथे भार नसतो तिथे, दोन कडी एकमेकांना भिडतात त्याच्या जवळ, उथळ खळगे पाडून बघितले. दांडा थांबला तरी खळग्यात थोडं तेल राहतं आणि सुरू होताच फिरणारा दांडा ते आपल्यासोबत अरुंद जागेकडे ओढून नेतो. खळगा किती उथळ, किती रुंद, कडा किती निमुळत्या, यात चार महिने गेले. काही नमुन्यांनी काहीच फरक पडला नाही, एकाने तर आणखी बिघडलं. शेवटी ज्या नमुन्यावर थांबलो, त्याची सकाळची पहिली सुरुवात मी आणि आबा दोघंही वाकून बघत होतो. मोटर फिरली आणि बल्ब जवळजवळ लगेच गेला. आबांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, लिहून घे.

आता आमच्या प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठीही असते. इंजिन बराच वेळ बंद असेल तर खटका उचलून हँडल हलकं लागेपर्यंत फिरवा, असं तिच्यावर लिहिलं आहे. साहेबांना किती फेरे ते आकड्यात हवं होतं. मी आकडा घालू दिला नाही. परत येणारी खोकी पुष्कळ कमी झाली. अजिबात थांबली नाहीत, कारण काही ठिकाणी तेल खरंच भेसळीचं निघतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी नव्या बेअरिंगची एक जोडी घेऊन अक्कांकडे गेले. त्यांनी ती हातात घेतली, डोळ्यांपेक्षा अंगठ्याने पाहिली आणि तो उथळ खळगा लगेच शोधून काढला. मला विचारलं की हे कशासाठी. मी सांगितलं की इंजिन झोपलेलं असताना थोडं तेल इथे राहतं, उठल्याबरोबर मिळावं म्हणून.

त्यांना ते पटलं. “रातले उशाले तांब्या ठेवतस,” त्या म्हणाल्या, “तसं शे हाई.”

बेअरिंग त्यांनी बसवलं नाही. जुनं चांगलं चालतंय, मग कशाला काढायचं, म्हणाल्या, आणि ती जोडी फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिली. मी जळगावला येऊन आबांना ते तांब्याचं सांगितलं. आबांनी ते जेवणाच्या सुटीत बाकीच्यांना सांगितलं. आमच्या ड्रॉइंगवर त्या खळग्याला इंग्रजी नाव आहे आणि त्याची खोली, रुंदी काटेकोर लिहिलेली आहे. पण लाइनवरची माणसं त्याला तांब्या म्हणतात. परवाच तपासणीवरची मुलगी एक ट्रे घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, मॅडम, या लॉटचा तांब्या उथळ पडलाय. मी मोजून पाहिलं, तिचं बरोबर होतं. अख्खा ट्रे परत पाठवला.